कंट्रोलरची भाषा आणि तिच्या आवृत्त्या

ठाण्याहून बेलापुराकडे जाणारा रस्ता म्हणजे महाराष्ट्राच्या औद्योगिक इतिहासाचें एक दीर्घ प्रकरणच होय. १९६२ सालीं महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ निघालें, १९७० सालीं सिडकोची स्थापना झाली, आणि वाशीच्या खाडीवर पूल होण्यापूर्वींच या रस्त्याच्या कडेला नोसिलसारखे रसायनांचे मोठमोठे कारखाने उभे राहिले. पुढें त्यांतील कित्येक मिटले. महापे, ऐरोली, घणसोली या भागांत काचेच्या भिंतींचीं कार्यालयें आलीं. आज नव्या मुंबईंत धुरांडें आणि संगणक यांचा शेजार आहे. शेजार खरा, पण दोघांचें आयुर्मान निराळें. कारखान्याचें यंत्र तीस तीस वर्षें चालतें. कार्यालयाचा संगणक सात-आठ वर्षांत जुना ठरतो. ज्या एका ठिकाणीं या दोघांची गांठ पडते, तेथें मोठा पेंच उत्पन्न झाला आहे. तें ठिकाण म्हणजे यंत्राला आज्ञा देणारा कंट्रोलर, ज्याला कारखान्यांतील मंडळी पी. एल. सी. या आद्याक्षरांनीं ओळखतात.

हा पेंच बाहेरच्या माणसास क्षुल्लक वाटेल. एखाद्या टाकीचा व्हॉल्व्ह दोन सेकंद उशिरां उघडावा, इतकाच फरक अभियंत्यास करावयाचा असतो. त्यासाठीं जुना प्रोग्राम संगणकावर उघडावा लागतो, आणि संगणक नेमका तेथेंच नकार देतो. प्रोग्राम एका व्हर्जनचा, कंट्रोलर दुसऱ्या व्हर्जनचा, आणि संगणकावरील सॉफ्टवेअर तिसऱ्याच व्हर्जनचें! यांत कोणा एकाची हयगय शोधूं जाणें व्यर्थ आहे. या गोष्टीचें मूळ पूर्वींच्या एका सोयीच्या निर्णयांत सांपडतें.

१९६८ सालापर्यंत यंत्रांस आज्ञा देण्याचें काम रिलेंकडे असे. भिंतभर कपाटें, त्यांत शेंकडों रिले आणि हजारों तारा. अमेरिकेंतील जनरल मोटर्सच्या हायड्रामॅटिक विभागास मोटारीचें मॉडेल बदललें कीं त्या तारा उपटून पुन्हा जोडाव्या लागत. त्या वर्षीं या विभागानें तारांवांचून बदलतां येईल अशा नियंत्रकाची मागणी केली, आणि १९६९ सालीं डिक मोर्ली व त्यांच्या बेडफर्ड असोसिएट्स या संस्थेनें तो करून दिला. संस्थेचा तो चौऱ्यायशींवा प्रकल्प, म्हणून त्याचें नांव मोडिकॉन ०८४. मोर्लींच्या मंडळींचें खरें चातुर्य यंत्रापेक्षां भाषेंत दिसतें. वायरमनला ज्या शिडीसारख्या आकृतीची संवय होती, तीच आकृति त्यांनीं प्रोग्रामची भाषा म्हणून कायम ठेवली. त्यामुळें नव्या युगांत आलेला जुना वायरमन निरक्षर ठरला नाहीं. असा विचार पुढच्या काळांत फारसा कोणी केला नाहीं, हेंहि येथें म्हटलें पाहिजे.

त्या काळीं प्रोग्राम लिहिण्याची पेटीहि कंट्रोलर बनविणाराच देई. पेटी जड असे, महाग असे. परंतु पेटी आणि कंट्रोलर एकाच घरचीं भावंडें असत. ज्या सीमेन्स कंपनीचा कळव्याचा कारखाना याच ठाणे-बेलापूर रस्त्यावर आहे, तिचा सिमॅटिक एस-५ हा कंट्रोलर १९७९ सालीं निघाला, तोहि याच रीतीनें. त्याचें स्टेप-५ हें सॉफ्टवेअर आरंभीं सी. पी. एम. या संगणक-प्रणालीवर चाले, पुढें तें डॉसवर आलें. येथें वळण लागलें. खास पेटीऐवजीं बाजारांत मिळणारा साधा संगणक स्वस्त पडतो, हें सर्वांच्या ध्यानांत आलें, आणि कारखान्याची भाषा कार्यालयाच्या संगणकाच्या स्वाधीन झाली. निर्णय सोयीचा होता, तो चुकीचा होता असेंहि म्हणवत नाहीं. पण त्या दिवसापासून यंत्राच्या आज्ञांचें आयुष्य दुसऱ्याच कोणाच्या हातीं गेलें.

डॉस गेलें, विंडोज आलें. १९९५ च्या सुमारास एस-७ आणि त्याचें स्टेप-७ आलें. परवाना फ्लॉपीवर मिळे, आणि तो एकदां संगणकावर चढविल्यावर संगणकाची तबकडी बिघडली तर परवानाहि बुडे. विंडोजची चौसष्ट बिटांची पिढी आली तेव्हां सोळा बिटांचे जुने प्रोग्राम तिच्यावर चालेनातसे झाले. स्टेप-७ ला सुद्धां तिच्याशीं जुळवून घेण्यास ५.५ या आवृत्तीपर्यंत थांबावें लागलें. ८ एप्रिल २०१४ रोजीं मायक्रोसॉफ्टनें विंडोज एक्स-पीची देखभाल थांबविली. त्या दिवशीं कारखान्यांतील एकहि यंत्र थांबलें नाहीं. मात्र त्यांतील अनेक यंत्रांची भाषा जाणणारा संगणक त्या दिवशीं पोरका झाला.

कंपन्यांनीं घातलेले नियमहि पाहण्याजोगे आहेत. रॉकवेल कंपनीच्या लॉजिक्स कंट्रोलरांत सॉफ्टवेअरचा मुख्य आंकडा आणि कंट्रोलरमधील फर्मवेअरचा मुख्य आंकडा एकच असावा लागतो. विसाव्या आवृत्तीपर्यंत या सॉफ्टवेअरचें नांव आर-एस-लॉजिक्स ५०००. एकविसाव्यापासून स्टुडिओ ५०००. म्हणून एकाच लॅपटॉपवर पांच-सहा आवृत्त्या शेजारीं शेजारीं बसविलेल्या आढळतात. सीमेन्सच्या टी. आय. ए. पोर्टलमध्यें जुना प्रकल्प वर चढवितां येतो, खालीं उतरवितां येत नाहीं. आणि बाराव्या आवृत्तीचा प्रकल्प थेट पंधरावींत जात नाहीं, त्याला मध्यें तेराव्या आवृत्तीच्या पहिल्या सर्व्हिस पॅकवर मुक्काम करावा लागतो. या एकमार्गी दरवाजाचा फटका लहान कारखान्यास फार बसतो. बाहेरून आलेला कंत्राटदार आपल्या नव्या आवृत्तींत दुरुस्ती करतो, फर्मवेअर वर चढवितो, बिल घेतो आणि जातो. दुसऱ्या दिवशीं कारखान्याच्या स्वतःच्या लॅपटॉपला स्वतःचाच कंट्रोलर परका झालेला असतो.

एम्युलेटरची कथा याहून नाजुक. संगणकांतच कंट्रोलरचें सोंग उभें करावयाचें, आणि खऱ्या टाकीला, खऱ्या पंपाला हात न लावतां प्रोग्राम पडताळून पाहावयाचा, हा त्याचा हेतु. जेथें आम्ल आणि वाफ यांच्याशीं गांठ आहे, तेथें ही पडताळणी चैनीची वस्तु नव्हे; तीवर माणसांचे हातपाय अवलंबून असतात. परंतु सोंगालाहि आवृत्ति असते. सीमेन्सचा पी. एल. सी. सिम हा एस-७-१२०० चें सोंग आणतो, पण फर्मवेअर ४.० पासून पुढचेंच. रॉकवेलच्या जुन्या एम्युलेटरसाठीं प्रोग्रामांतील कंट्रोलरचा प्रकारच बदलावा लागे. म्हणजे परीक्षेला बसला तो भाऊ, आणि नोकरीवर रुजू झाला तो दुसराच! दोघे सारखे दिसत, एवढ्यावर किती विसंबावें, हें ज्याचें त्यानें ठरवावयाचें.

मग पुष्कळ अभियंते जुना संगणक जसाच्या तसा राखतात. तो जाळ्याशीं जोडलेला नसेल तोंवर ठीक चालतें. २७ जून २०१७ रोजीं नोटपेट्या या विध्वंसक प्रोग्रामनें मर्स्क कंपनीचे जगभरचे संगणक लुळे केले, तेव्हां न्हावा-शेवा येथील जवाहरलाल नेहरू बंदरांतील तिच्या समूहाच्या टर्मिनलचें कामहि ठप्प झालें. विंडोजमधील ज्या छिद्राचा त्यानें फायदा घेतला, त्याची दुरुस्ती त्याच वर्षीं मार्चमध्यें प्रसिद्ध झाली होती. तो प्रसंग कंट्रोलरांचा नव्हे, तरी अद्ययावत करावें तर जुनें सॉफ्टवेअर बंद पडेल आणि न करावें तर दार उघडें राहील, ही कोंडी त्यानें उघडी केली. यावर आज सर्वांत व्यवहार्य तोड म्हणजे व्हर्च्युअल मशीन: एका नव्या संगणकाच्या पोटांत प्रत्येक आवृत्तीसाठीं एक वेगळा, बंदिस्त संगणक.

सर्वांची भाषा एक करण्याचा यत्नहि झाला. आंतरराष्ट्रीय विद्युत्-तंत्र आयोगानें १९९३ सालीं पांच भाषांचें प्रमाण ठरविलें. व्याकरण एक झालें. फाईल मात्र ज्याची त्याची राहिली. ती अदलाबदल करण्याच्या रूपाचें प्रमाण २०१९ सालीं आलें.

या सर्वांत कायमचें जें हरपतें तें निराळेंच आहे. एस-५ व एस-७-३०० सारख्या कंट्रोलरांतून आज्ञा परत काढून घेतां येतात, परंतु लिहिणाऱ्यानें दिलेलीं नांवें आणि टिपा कंट्रोलरांत नसतात. त्या मूळ फाईलमध्येंच राहतात. फाईल गेली कीं उरतात ते नुसते आंकडे. पुण्याच्या पेशवे दफ्तरांत मोडीचे रुमाल जसे शाबूत आहेत आणि वाचणारे थोडे, तशीच ही अवस्था. अशा वेळीं वार्षिक शटडाऊनमध्यें एक जण पॅनेलसमोर उभा राहून तारांचे क्रमांक मोठ्यानें वाचतो, दुसरा ते वहींत उतरवितो, आणि शिडीची एकेक पायरी पुन्हा लिहिली जाते.