पाण्यातून वर आलेली जमीन कुणाची?

आपल्या हिंगोली जिल्ह्यात कयाधू आहे, पूर्णा आहे, सिद्धेश्वर धरणाचे पाणी आहे. समुद्र मात्र नाही. मग मुंबईच्या किनाऱ्यावरच्या उंच इमारती आणि त्यांच्याविरुद्ध लोकांनी दिलेले लढे यांचा इतिहास आपण कशाला ऐकायचा, असे कुणीही विचारील. माझे उत्तर साधे आहे. सर्वांच्या मालकीची जागा मूठभरांच्या हाती जाऊ लागली तर सामान्य माणसाने काय करावे, हा त्या लढ्यांमधला प्रश्न होता. ज्या गावाला गायरान आहे, गावतळे आहे, त्या गावाला हा प्रश्न परका नाही.

नरिमन पॉइंट हे नाव आपल्याला सिनेमामुळे ठाऊक असते. पण हे नरिमन कोण? खुर्शेद फ्रामजी नरिमन हे पारशी वकील आणि काँग्रेसचे पुढारी. पुढे ते मुंबईचे महापौरही झाले. त्यांचे नाव गाजले ते मात्र किनाऱ्याच्याच एका प्रकरणात.

पहिल्या महायुद्धानंतर मुंबईत जागेला सोन्याचा भाव आला. गव्हर्नर जॉर्ज लॉइड यांनी १९२० मध्ये डेव्हलपमेंट खाते काढले. ज्या बीडीडी चाळी आपण ऐकून आहोत, त्या याच खात्याच्या. त्यांच्या खर्चासाठी मुंबईत येणाऱ्या कापसाच्या दर गाठीवर एक रुपया कर बसवला गेला. याच खात्याने कुलाबा आणि मलबार हिल यांच्यामधला बॅक बे हा उपसागर बुजवायला घेतला. बेत ११४५ एकरांचा, आठ भागांत. समुद्रात भिंत घालायची, बंदरातला गाळ यंत्राने उपसून नळाने भिंतीआड टाकायचा आणि वर आलेली जमीन विकून खर्च भरून काढायचा.

कागदावर हिशेब चोख होता. प्रत्यक्षात गाळ उपसणारे यंत्र ठरल्यापेक्षा फारच कमी काम करू लागले. टाकलेला गाळही भिंतीच्या फटींतून पुन्हा समुद्रात जाऊ लागला. पैसा लोकांचा होता आणि तो पाण्यात जात होता. नरिमन यांनी कायदेमंडळात आणि वर्तमानपत्रांतून एकेक आकडा मांडायला सुरुवात केली. १९२६ मध्ये चौकशी समिती बसली. खात्यातल्या हार्वे नावाच्या इंजिनिअरने नरिमन यांच्यावर अब्रुनुकसानीचा खटला भरला. १९२८ मध्ये नरिमन निर्दोष सुटले. लोकांनी त्या योजनेला नाव दिले, ‘लॉइडचा मूर्खपणा’.

अखेर ११४५ पैकी सुमारे ४४० एकरच जमीन वर आली आणि तिच्यातलीही अर्ध्याहून अधिक लष्कराने घेतली. उरलेल्या पट्ट्यावर मरीन ड्राइव्ह झाला. घरे रस्त्याच्या एका बाजूला, समुद्राकडची बाजू सर्वांना मोकळी. खेड्यातून पहिल्यांदा मुंबईला गेलेला माणूस तिकीट न काढता तिथे बसू शकतो. मला तर मुंबईतली ही सर्वांत लोकशाही जागा वाटते.

स्वातंत्र्यानंतर भरणी पुन्हा सुरू झाली आणि या वेळी तिच्यावर टॉवर उभे राहिले. सरकारने हे भूखंड जाहीर लिलाव न करता बिल्डरांना दिले, म्हणून खासदार पिलू मोदी १९७४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात गेले. किसन मेहता यांच्या ‘सेव्ह बॉम्बे कमिटी’ने आणखी भरणीला विरोध केला. किनाऱ्यावरच्या कोळ्यांसाठी तर होडी ओढायची आणि मासळी वाळवायची जागा म्हणजे पोटाचा प्रश्न होता. टॉवर थांबले नाहीत. पण तो उपसागर ठरल्याप्रमाणे पुरता बुजवलाही गेला नाही. ज्या माणसाने भरणीचा गैरकारभार उघड केला, त्याचेच नाव भरणीवरच्या टॉवरांच्या वस्तीला मिळाले. इतिहास असे विनोद करतो.

१९८१ मध्ये पंतप्रधान इंदिरा गांधींनी किनारी राज्यांच्या मुख्यमंत्र्यांना पत्र लिहून भरतीच्या रेषेपासून ५०० मीटर किनारा मोकळा ठेवायला सांगितले. १९ फेब्रुवारी १९९१ रोजी त्याचा नियम झाला. त्यालाच आपण सीआरझेड म्हणतो.

तरी कुलाब्याला ३१ मजल्यांची ‘आदर्श’ उभी राहिलीच. जन आंदोलनांच्या राष्ट्रीय समन्वयाच्या कार्यकर्त्यांनी माहितीच्या अधिकारात कागद मागवले आणि पत्रकारांनी ते लोकांपुढे आणले. नोव्हेंबर २०१० मध्ये आपल्या शेजारच्या नांदेडचे अशोक चव्हाण यांना मुख्यमंत्रिपद सोडावे लागले. त्यांच्यावर खटला चालवायला राज्यपालांनी दिलेली परवानगी उच्च न्यायालयाने डिसेंबर २०१७ मध्ये रद्द केली, हेही सांगायला हवे. इमारत पाडण्याचा आदेश उच्च न्यायालयाने २०१६ मध्ये दिला. सर्वोच्च न्यायालयाने पाडणे थांबवून ती केंद्र सरकारला ताब्यात घ्यायला लावली. पुढे २०१९ च्या नव्या अधिसूचनेने शहरी किनाऱ्यावरच्या बांधकामाचे १९९१ चे बंधन सैल केले. म्हणजे हे काम एकदाचे संपत नाही.

मला या शंभर वर्षांत एक धागा दिसतो. नरिमन यांनी हिशेब मागितला, मोदींनी लिलाव का नाही ते विचारले, ‘आदर्श’च्या वेळी फाइली मागवल्या गेल्या. घोषणा सगळ्यांनीच दिल्या असतील, पण पारडे फिरले ते कागद हाती आल्यावर.

आता आपल्याकडे वळू. सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये, हिमाचलातल्या बियास नदीकाठच्या एका हॉटेलच्या प्रकरणात, नद्या आणि किनारे यांचे सरकार हे विश्वस्त आहे, मालक नव्हे, असे तत्त्व मांडले. २८ जानेवारी २०११ रोजी पंजाबातल्या एका गावतळ्याच्या निकालात गावांच्या सामाईक जमिनींवरची अतिक्रमणे काढण्याची योजना आखा, असे त्याने सर्व राज्यांना सांगितले. मरीन ड्राइव्हचा कठडा आणि आपल्या गावचे गायरान कायद्याच्या नजरेत नात्यातलेच आहेत.

तेव्हा पुढच्या वेळी तहसीलला गेलात तर आपल्या शेताच्या सातबाऱ्याबरोबर गावच्या गायरानाचा आणि तळ्याचा सातबाराही मागून पाहा. क्षेत्र किती लिहिले आहे ते वाचा आणि मग जागेवर जाऊन तेवढे भरते का, ते मोजा.