नाकाच्या वाटेनें मेंदूच्या तळाशीं

मेंदूच्या तळाशीं हाडाच्या एका खळग्यांत पिट्युइटरी नांवाची वाटाण्याएवढी ग्रंथि असते. खळग्याचा आकार पाहून शारीरशास्त्रज्ञांनीं त्याला ‘तुर्की खोगीर’ असें नांव दिलें. ह्या ग्रंथींत गांठ वाढली म्हणजे वरून जाणाऱ्या दृष्टिनाड्या चेपतात आणि रोग्याची दृष्टि मंदावत जाते.

१६ मार्च १९०७ रोजीं इन्सब्रुक येथें हर्मान श्लॉफर ह्यानें नाक एका बाजूस वळवून ही गांठ काढली. रोगी सुमारें अडीच महिन्यांनीं दगावला. पण वाट सांपडली. १९१० सालीं व्हिएन्नांत ऑस्कर हिर्श ह्यानें, चेहऱ्यावर छेद न घेतां, केवळ जागा बधिर करून नाकपुडींतूनच तें साधलें. अमेरिकेंत हार्वे कुशिंग ह्यानें १९१० ते १९२५ ह्या काळांत ह्या वाटेनें २३१ रोग्यांवर शस्त्रक्रिया केली. मृत्यूचें प्रमाण शेंकडा ५.६ होतें.

ही वाट मोकळी झाली ती खोगिराच्या पुढें व खालीं असलेल्या स्फेनॉइड हाडांतील हवेच्या पोकळीमुळें. आणि खरा धोकाहि तेथेंच आहे. जन्मतः हें हाड जवळजवळ भरीव असतें. वयाबरोबर तें पोकरत जातें. बहुतेक प्रौढांत पोकळी थेट खोगिराखालीं पोंचते. कांहींत अलीकडेच थांबते. क्वचित् हाड भरीवच राहतें. पोकळींतील पडदा नेमका मध्यावर असेल असें नाहीं. कित्येकांत तो तिरपा होऊन मेंदूस रक्त पुरविणाऱ्या मुख्य धमनीवरील हाडाला चिकटतो. असा पडदा जोरानें पिरगळला तर धमनीच फाटावयाची! कांहींत धमनीवर हाडाचा पापुद्राहि नसतो. बुडापेस्टच्या ओनोडीनें तर असें दाखविलें कीं, कित्येकांत दृष्टिनाडी शेजारच्या दुसऱ्याच कोठडीच्या भिंतींतून जाते.

अंधाऱ्या बोगद्यांत हें सर्व आधीं कसें कळावें? कवटी उघडून करावयाच्या क्रियेंत दृष्टिनाड्या डोळ्यांसमोर असत, आणि तींत कुशिंगचा हात बसला होता. १९२९ च्या सुमारास त्यानें नाकाची वाट सोडली. इतर बहुतेकांनींहि सोडली. एडिंबरोच्या नॉर्मन डॉटनें मात्र ती टाकली नाहीं. त्याच्यापासून पॅरिसचा जेरार गिओ ती शिकला व शस्त्रक्रिया चालू असतां क्ष-किरणांनीं हत्यार कोठवर गेलें तें पाहूं लागला. गिओचा शिष्य, माँट्रियलचा ज्यूल हार्डी, ह्यानें १९६० नंतरच्या दशकांत सूक्ष्मदर्शकाची जोड दिली. १९७१ सालीं लंडनमध्यें सी. टी. यंत्रानें पहिल्या रोग्याच्या मेंदूचें चित्र घेतलें. पुढें हाडांचे कंगोरेहि अशा चित्रांत स्पष्ट दिसूं लागले. १९९० नंतर दुर्बीण नाकांतून आंत गेली.

आज शस्त्रवैद्य हत्यार उचलण्यापूर्वीं त्या एका रोग्याचा पडदा कोणीकडे झुकला आहे, धमनी कोठें उघडी आहे, हें चित्रांत पाहून घेतो. पुस्तकांतील आकृति सर्वांची मिळून एक असते. समोर निजलेल्या मनुष्याचें हाड त्याचें एकट्याचें असतें. ह्या दोहोंतील अंतर मोजतां येऊं लागलें, तेव्हांच सोडून दिलेली ही वाट पुन्हां राजमार्ग झाली.