काकांचा हायड्रोमीटर

मागच्या दिवाळीत शिरड शहापूरला गेलो होतो. माळ्यावरची आवराआवर चालली होती. काकूने बिस्किटांचा एक गंजका पत्र्याचा डबा माझ्या हातात दिला आणि म्हणाली, "बघ बाबा, तुला पाहिजे असंल तर ने. नाहीतर भंगारात जायचा." डब्यात वायरचे तुकडे, शिशाचे दोन टर्मिनल आणि जुन्या पंचांगाच्या पानांत गुंडाळलेली एक काचेची नळी. वर रबराचा फुगा (आता कडक होऊन तडकलेला), आत तरंगणारी बारीक कांडी आणि कांडीवर लाल, पांढरा, हिरवा पट्टा. काकांचा हायड्रोमीटर!

घरातल्या मंडळींना सांगायला नको, पण इतर वाचकांसाठी सांगतो. आमच्या काकांचं गावात बॅटरी चार्जिंगचं दुकान होतं. शिरड शहापूर बाहेरच्यांना माहीत असलंच तर मल्लिनाथाच्या जैन मंदिरामुळे. पंचक्रोशीतल्या ट्रॅक्टर, जीप आणि लाउडस्पीकरवाल्यांना मात्र ते काकांच्या दुकानामुळे माहीत होतं, असं आपलं आम्हाला वाटायचं. :-)

डबा घेऊन पुण्याला आलो आणि मग या बॅटरीच्या मागेच लागलो. वाचता वाचता एक गंमत लक्षात आली. काका ज्या वस्तूशी आयुष्यभर झटले ती मोटारगाडीपेक्षा जुनी आहे. गास्तों प्लांते नावाच्या फ्रेंच माणसाने १८५९ साली शिशाचे दोन पत्रे मध्ये कापडाच्या पट्ट्या घालून गुंडाळले आणि पातळ गंधकाम्लात बुडवले. वीज साठली, काढून घेतली, पुन्हा साठवता आली. १८८१ मध्ये कामीय फोर याने पत्र्यांवर शिशाच्या ऑक्साइडचा लेप दिला आणि साठवण कितीतरी वाढली. मुळात कृती एवढीच. एका सेलचे साधारण २.१ व्होल्ट, सहा सेल मिळून १२.६. शिसं तेच, ॲसिड तेच. दीड-पावणेदोनशे वर्षांत इतकी कमी बदललेली दुसरी वस्तू गाडीत शोधून सापडायची नाही.

ती गाडीत कायमची बसली ती मात्र हँडलमुळे. सुरुवातीच्या गाड्या पुढून हँडल मारून सुरू करत. इंजिनाने उलटा झटका दिला की मनगट मोडायचं, कधी जबडा. १९०८ साली डेट्रॉइटमध्ये बायरन कार्टर नावाचा गाड्या बनवणारा माणूस एका बाईची बंद पडलेली गाडी सुरू करायला गेला, हँडल तोंडावर बसलं आणि त्यातच पुढे तो गेला, अशी कथा सांगतात. कॅडिलॅकचे हेन्री लेलँड त्याचे मित्र. त्यांनी चार्ल्स केटरिंगला गाठलं. केटरिंगने आधी दुकानातल्या गल्ल्याच्या यंत्राला विजेची मोटर बसवली होती. दिवसभर चालायची नाही, पण क्षणभर दणकून जोर लावेल अशी छोटी मोटर. तीच युक्ती त्याने गाडीला लावली आणि १९१२ च्या कॅडिलॅकमध्ये सेल्फ स्टार्टर आला. म्हणजे बॅटरी हे तेव्हा श्रीमंतांच्या गाडीचंच लक्षण होतं. बाकीचे हँडल मारत बसले.

आपल्याकडे तर फार वर्षं दोन्ही होतं. ॲम्बेसेडरला, जीपला बॅटरी असायची आणि सीटमागे हँडलही. स्वातंत्र्याच्या सुमारास कोलकात्याजवळ श्यामनगरला बॅटऱ्यांचा मोठा कारखाना निघाला, पुढे चिंचवडलाही निघाला. पण नवी बॅटरी घेणं ही शेवटची गोष्ट. तोवर ती दुरुस्त करायची! आजच्या मुलांना हे खरं वाटणार नाही. तेव्हाची बॅटरी काळ्या कडक रबराच्या पेटीत असे, वर डांबराने बंद केलेली. सेल जोडणाऱ्या शिशाच्या पट्ट्या वर उघड्या दिसत. एक सेल मेला तर काका डांबर तापवून काढत, त्या सेलच्या प्लेटा उपसून नव्या घालत, शिसं वितळवून पट्टी जोडत आणि पुन्हा डांबर ओतत. गिऱ्हाईक समोर बसून चहा पीत असे.

दुकानात संध्याकाळी सहा-आठ बॅटऱ्या ओळीने एकमेकींना जोडलेल्या असत आणि रात्रभर बारीक बुडबुड आवाज यायचा. एक आंबूस वास. "इथे विडी ओढू नये" अशी पाटी होती, कारण चार्ज होताना हायड्रोजन निघतो. एकदा एकाने ओढलीच. झाकण उडून छताच्या पत्र्याला लागलं. खोक पडलेला तो पत्रा मी लहानपणी येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला दाखवायचो. आमच्या भागातलं विहिरीचं पाणी क्षाराचं, ते बॅटरीला विषच. डिस्टिल्ड वॉटर मिळालं नाही तर काका पावसाचं पाणी धरत. पहिले दोन पाऊस पत्रे धुऊन जाऊ द्यायचे, तिसऱ्याला काचेच्या बरण्या लावायच्या. त्या बरण्यांना हात लावला की मार.

आणि मग रामायण. १९८७-८८ च्या रविवारी सकाळी वीज असेलच याचा भरवसा नसे. ट्रॅक्टरची बॅटरी काढून त्यावर ब्लॅक अँड व्हाइट टीव्ही लावायचे. शनिवारी रात्री दुकानात बॅटऱ्यांची रांग, आणि काका प्रत्येक सेलमध्ये ही नळी बुडवून सांगत, "बाराशे पन्नास आहे, सीता सापडंस्तोवर चालंल."

हे सगळं लिहिताना गोड वाटतं, म्हणून दुसरी बाजूही लिहितो. काकांच्या सगळ्या पँटींना ॲसिडची भोकं होती. शिसं ते उघड्या हातांनी, उघड्या नाकाने हाताळत, आणि वापरलेलं ॲसिड मागच्या नालीत जायचं. नालीलगत आम्ही गोट्या खेळायचो. शिसं मुलांच्या मेंदूला किती वाईट हे तेव्हा गावात कोणाला ठाऊक होतं? जुन्या बॅटऱ्या दुकानदाराने परत घेण्याचा नियम देशात २००१ मध्ये आला, २०२२ मध्ये त्याजागी नवे नियम आले. त्याआधीच बंद प्लॅस्टिकच्या, पाणी न लागणाऱ्या बॅटऱ्या आल्या आणि दुकान आपोआप थंडावलं. काकांना वाईट वाटलं. काकूला अजिबात नाही.

आता मोठ्या गाडीकडे येतो. मराठवाड्यात मोठी गाडी म्हटली की लोकांना २०१० चा ऑक्टोबर आठवतो. तेव्हाच्या औरंगाबादच्या लोकांनी एकत्र येऊन एका दिवसात १५० मर्सिडीज घेतल्या, सुमारे ६५ कोटींच्या. त्याआधीच शेंद्र्याच्या कारखान्यात स्कोडा आणि ऑडीच्या गाड्या जुळवल्या जात होत्या. अशा गाड्या पाच-सात वर्षांनी दुसऱ्या हाती जातात, आणि तशीच एक जर्मन गाडी (नाव नको) आमच्या चुलतभावाने, काकांच्या धाकट्याने, घेतली. २०२० च्या पाडव्याला मी त्याच गाडीतून गावी आलो. आणि पाडव्याच्याच दिवशी लॉकडाऊन लागला.

गाडी लिंबाखाली दोन महिने उभी. अशी गाडी बंद असतानाही पूर्ण झोपत नाही. अलार्म, कुलूप, घड्याळ, डझनावारी छोटे संगणक थोडं थोडं पीत राहतात. ५० मिलीअँपिअर धरले तरी दिवसाचे १.२ अँपिअर-अवर, साठ दिवसांचे ७२. बॅटरी असते साधारण ८०-९० ची. शिवाय मे महिन्याचं ऊन, जे बॅटरीला आतून खातं. आणि आम्ही दोघं मधूनमधून जाऊन गाडीत गाणी ऐकत होतो, हे काकांना सांगितलं नव्हतं.

मेच्या शेवटी एका रात्री दोनच्या सुमारास काकूला दम्याचा झटका आला. बोलता येईना. ॲम्ब्युलन्स दुसरीकडे गेलेली. नांदेड गाठायला हवं होतं. भावाने किल्लीचं बटण दाबलं. काही नाही. दरवाजासुद्धा उघडेना. त्याचा हात थरथरत होता, मला तर काहीच सुचत नव्हतं. काका बाहेर आले, वय ७४.

"कामून घाबरायलास? किल्लीत किल्ली असंल बघ."

खरंच, रिमोटच्या आत लोखंडाची छोटी किल्ली निघाली. दरवाजा उघडला, दोरी ओढून बॉनेट उघडलं, काकांनी बॅटरी मारली (म्हणजे आमच्याकडचा टॉर्च), आणि आत बॅटरीच नव्हती! ती डिकीत, आणि डिकी विजेवर उघडणारी. काका क्षणभर गप्प. मग टॉर्च फिरवत म्हणाले, "पर तार तर इकडं आली असंल ना." लाल झाकणाखाली एक टर्मिनल सापडलं. अशा गाड्यांत ते जंप देण्यासाठीच ठेवलेलं असतं, हे मी नंतर वाचलं. काकांनी तारेवरून ओळखलं.

शेजाऱ्यांचा ट्रॅक्टर आणला, बंद करून जवळ लावला. आधी लाल, मग ट्रॅक्टरचा लाल, मग ट्रॅक्टरचा काळा, आणि शेवटचा काळा चिमटा गाडीच्या लोखंडी बोल्टला. भावाने लगेच स्टार्ट मारायला हात घातला तर काकांनी अडवलं. "थांब. पार वाळून गेलंय. दहा मिनिटं पाणी पिऊ दे त्याला." ती दहा मिनिटं मी विसरणार नाही. ओसरीवरून काकूचा श्वास ऐकू येत होता आणि काका घड्याळाकडे बघत, हात मागे बांधून उभे होते.

पहिल्याच सेल्फला गाडी लागली. पहाटे काकूला ऑक्सिजन लागला होता. पाचव्या दिवशी ती घरी आली.

पुढे बॅटरी बदलायची वेळ आली तेव्हा भावाने एका शहरातल्या गॅरेजमधून कमी पैशांत काम करून घेतलं. वर्षातच ती गेली. दुसरीकडे दाखवलं तेव्हा कळलं की तिथे एजीएम बॅटरी हवी होती, साधी बसवली होती. एजीएममध्ये ॲसिड काचेच्या तंतूंच्या गादीत शोषलेलं असतं. थांबलं की इंजिन बंद आणि क्लच दाबला की चालू असल्या गाड्यांना, सारखं भरणं-उपसणं सोसावं म्हणून बऱ्याचदा ती लागते. शिवाय ऋण टोकावर एक सेन्सर असतो, बॅटरीचं वय आणि प्रकृती मोजणारा. नवी बॅटरी बसवली की तसं गाडीच्या संगणकात नोंदवावं लागतं. नाही नोंदवलं तर तो तिला जुनीच समजून चार्ज करत राहतो. आणि डिकीतल्या बॅटरीचा वायू बाहेर नेणारी बारीक नळी लावलेलीच नव्हती! हे ऐकून काका जेवढे चिडले तेवढे पैशांचं ऐकून नव्हते. छताचा पत्रा आठवला असणार.

नोंदणीचं मात्र त्यांना फार नवल वाटलं. "म्हंजे बॅटरीचं बारसं करावं लागतंय," म्हणाले. दुसऱ्या वेळी काम नीट झालं. पोरगा पंचविशीचा होता, हातात मोजे, आधी बाहेरून वीज जोडून ठेवली, ऋण टोक आधी काढलं, शेवटी लावलं. काका खुर्ची घेऊन पूर्ण वेळ शेजारी बसले होते. निघताना त्याच्या मोज्यांना हात लावून बघितला.

२०२३ मध्ये काका गेले. भाऊ आता गाडी उभी राहणार असली की छोटा चार्जर लावून ठेवतो.

हायड्रोमीटरचा त्या गाडीला उपयोग नाही, तिच्या बॅटरीला उघडायला बूचच नाहीत. पण माझ्या घरच्या इन्व्हर्टरची बॅटरी अजून पाण्याची आहे. परवा रविवारी नवा फुगा बसवला, चष्मा लावला, बूच काढले आणि एकेका सेलमध्ये नळी बुडवली. पाच सेलमध्ये बाराशे चाळीस. तिसऱ्यात अकराशे ऐंशी. दोनदा बघितलं, तेच.