आकसणाऱ्या मेंदूची सूज

घरातल्या कुणाला अल्झायमर झाला की डॉक्टर कधीतरी बोलून जातात, ‘मेंदूच्या पेशींना सूज असते.’ मग आपण स्कॅन उजेडात धरून ती सूज शोधत बसतो. ती सापडत नाही. उलट मेंदू आकसलेला असतो आणि घड्यांमधल्या फटी रुंदावलेल्या. रोमन लेखक सेल्सस यानं पहिल्या शतकात दाहाच्या चार खुणा सांगून ठेवल्या: लाली, सूज, उष्णता, वेदना. इथं त्यातली एकही डोळ्यांना दिसत नाही. मग हा शब्द या आजाराला चिकटला कसा?

त्याची कुळी सरसापाशी सुरू होते. रुडॉल्फ फिर्खो या जर्मन वैद्यानं १८५६ साली चेतापेशींच्या मधल्या भरावाला ‘न्यूरोग्लिया’ म्हटलं. ग्लिया म्हणजे ग्रीकमध्ये सरस. नावच असं पडल्यावर त्या पेशींना चिकटवण्यापलीकडे काही काम असेल, हे फार थोड्यांना सुचलं.

नोव्हेंबर १९०१ मध्ये फ्रँकफर्टच्या मनोरुग्णालयात ५१ वर्षांच्या ऑगुस्ट डेटर दाखल झाल्या. अलॉइस अल्झायमर त्यांना प्रश्न विचारून उत्तरं टिपून घेत. तुमचं नाव? ऑगुस्ट. नवऱ्याचं नाव? ऑगुस्ट. ताटात फ्लॉवर आणि डुकराचं मांस होतं. काय खाताय, असं विचारलं तर म्हणाल्या, पालक. ही टिपणं वाचताना आजही पोटात कालवतं. १९०६ मध्ये त्या गेल्या आणि अल्झायमरनी त्यांचा मेंदू सूक्ष्मदर्शकाखाली तपासला. १९०७ च्या छोट्याशा लेखात त्यांनी पेशींतला धाग्यांचा गुंता आणि पेशींबाहेरचे साके नोंदवले; जगानं तेवढंच लक्षात ठेवलं. त्याच लेखात ग्लियाच्या अनेक पेशींत चरबीच्या पिशव्या दिसल्याचंही लिहिलेलं आहे. ते तसंच पडून राहिलं.

ग्लियातल्या एका प्रकारच्या पेशींचा चेहरा पहिल्यांदा नीट दाखवला तो माद्रिदच्या पीओ देल रिओ-ऑर्तेगा यांनी. त्यांचे ज्येष्ठ सहकारी काहाल यांना चेतापेशी आणि तारकापेशी (ग्लियाचाच एक प्रकार) यांखेरीज ‘तिसरा घटक’ दिसला होता, पण त्यांच्या रंगानं त्याच्या शाखा उमटत नव्हत्या. ऑर्तेगांनी सिल्व्हर नायट्रेटमध्ये धुण्याच्या सोड्याचं पाणी मिसळलं. तळाशी साका बसला. त्यात थेंबथेंब अमोनिया सोडत गेले, साका विरघळेपर्यंत. या चांदीच्या पाण्यात मेंदूचा पातळ काप बुडवल्यावर बारीक, काटेरी फांद्यांच्या पेशी काळ्या उमटल्या. १९१९ साली त्यांनी नाव दिलं मायक्रोग्लिया. मेंदूला इजा झाली की या पेशी फांद्या आखडून गोल होतात आणि कचरा गिळतात, हेही त्यांनीच सांगितलं. पुढच्याच वर्षी बिनसून त्यांना काहालांची प्रयोगशाळा सोडावी लागली. स्पेनच्या यादवी युद्धानं देशही सोडायला लावला. १९४५ मध्ये ब्वेनोस आयरिसला ते वारले.

या पेशी मूळच्या मेंदूच्या नाहीत, असंही ते म्हणत. त्यावर वाद चालूच राहिला. २०१० मध्ये उंदरांवरच्या अभ्यासात त्यांचं माहेर सापडलं: गर्भाची पीतक पिशवी. जन्माआधीच तिथून निघून त्या मेंदूत येतात आणि कायमच्या नांदतात. त्या स्वस्थ बसतात हा समजही २००५ मध्ये मोडला. जिवंत उंदरांच्या मेंदूत त्यांच्या फांद्या सतत आजूबाजूला चाचपताना दिसल्या.

सूज म्हणतात ती ही: मेंदूच्या या राखणदार पेशींचं चिथावलं जाणं. १९८० च्या दशकात अल्झायमरच्या साक्यांभोवती चिडलेली मायक्रोग्लिया मोठ्या संख्येनं आढळली आणि दाह हा शब्द इथं रुजला. मग दाह शमवणाऱ्या सांधेदुखीच्या गोळ्यांनी आजार थोपवता येईल, अशी आशा वाटली. चाचण्यांत ती फोल ठरली. माझ्या मते शब्दानंच इथं चकवलं, कारण याच पेशी साक्याला वेढून त्याचा उपद्रवही रोखतात. २०१३ मध्ये ट्रेम-२ या जनुकातला एक दुर्मीळ बदल अल्झायमरचा धोका वाढवतो, हे कळलं. हा जनुक मेंदूत मुख्यतः मायक्रोग्लियातच चालतो, आणि त्या बदलानं या पेशींचं हे राखणकाम दुबळं पडतं. दुसरीकडे २०१६ मध्ये उंदरांत दिसलं की साके धरण्याआधीच मायक्रोग्लिया चेतापेशींमधले जोड गिळू लागते. आठवण आणि विचार जातात ते मुख्यतः हे जोड तुटल्यानं. नवऱ्याचं नाव हरवतं ते असं.

आणि त्या चरबीच्या पिशव्या? २०२४ मध्ये अपोई-४ हे धोक्याचं जनुकरूप आईवडील दोघांकडून मिळालेल्या अल्झायमर रुग्णांच्या मेंदूत, साक्यांजवळच्या मायक्रोग्लियात चरबीचे थेंब साठलेले आढळले. १९०७ च्या लेखातली ती ओळ आता पुन्हा वाचली जाते आहे.