चांद्याहून एका दिवसाची वाट

चांदा, म्हणजे आजच्या चंद्रपूर, शहराच्या परकोटास चार दरवाजे आणि पाच खिडक्या आहेत. जटपुरा, बिनबा, पठाणपुरा व अंचलेश्वर ही दरवाजांची आणि हनुमान, विठोबा, बगड, चोर व मसान ही खिडक्यांची नावे येथील शाळकरी मुलालाही पाठ असतात. गोंड राजा खांडक्या बल्लाळशहाने इरई आणि झरपट या दोन नद्यांच्या संगमाजवळ वसवलेल्या या राजधानीभोवती त्याच्या वंशजांनी जो दगडी कोट उभारला, तो परचक्रापासून रक्षण व्हावे म्हणून, हे उघडच आहे. परंतु शत्रू वर्षानुवर्षे फिरकत नसे आणि दरवाजे मात्र रोज पहाटे उघडावे लागत, त्यामुळे त्यांचा खरा उपयोग बाहेर जाण्याचाच होता. शेताला, बाजाराला, जत्रेला आणि तळ्याच्या काठी वनभोजनाला गाव याच वाटांनी निघे आणि दिवेलागणीच्या आत याच वाटांनी परते. स्वतःचे वाहन न बाळगता एका दिवसात जाऊन येण्याची ही जी रीत या शहराने शतकानुशतके जोपासली, तिचा इतिहास लिहिण्याजोगा आहे, आणि आजच्या प्रवाशाने तिच्यापासून शिकावे असेही तीत पुष्कळ आहे, अशी माझी धारणा आहे.

बैलबंडीच्या काळी प्रवासाची मर्यादा बैलांच्या पायांनी ठरवलेली होती. ताशी दोन-अडीच मैलांच्या चालीने, दुपारी जनावरांना पाणी दाखवून, संध्याकाळी घरी यायचे म्हटले म्हणजे आठ-दहा मैलांपलीकडे जाता येत नसे. त्या वर्तुळात पूर्वेकडच्या जंगलातील जुनोन्याचे गोंडकालीन तळे येई आणि दक्षिणेस वर्धा नदीच्या काठचा बल्लारपूरचा किल्ला येई. बल्लारपूर ही गोंडांची आधीची राजधानी; ती सोडून राजा चांद्यास आला तो त्याच्या व्याधीला येथील झरपटीच्या पाण्याने उतार पडला म्हणून, आणि कोटाची रेषा एका सशाने शिकारी कुत्र्याचा पाठलाग केला त्या मार्गावरून आखली गेली, अशी आख्यायिका घरोघर सांगतात. रेंगीत, म्हणजे हलक्या बैलगाडीत, बसून बल्लारपुराकडे निघालेल्या माणसाच्या मनात ही कथा वाटेतच उभी राहत असली पाहिजे, कारण ज्या वाटेने राजवंश आला तीच तो उलट चालत होता.

यापलीकडच्या स्थळांसाठी मुक्काम करणे भाग असे. भांदक सुमारे १८ मैल, ताडोबा त्याहून दूर, मार्कंडा तर ४० मैलांच्या आसपास. म्हणून या स्थळांच्या जत्रा पंचांगाने नेमलेल्या असत, आणि बंड्यांचे तांडे एकत्र निघत; एकट्याने घनदाट अरण्यातून जाण्याची सोय नव्हती आणि तशी कोणाची इच्छाही नव्हती. भोसल्यांच्या अमदानीत कमाविसदार आणि पुढे इंग्रजी अमलात जिल्ह्याचे साहेबलोक दौऱ्यावर निघत, तेव्हा तंबू, पाणी आणि सरबराईचा बंदोबस्त गावच्या मालगुजारावर पडे. सामान्य रयतेला असा लवाजमा कोठून मिळणार? तिने आपली शिदोरी, आपले पंचांग आणि आपला सोबतीचा मेळा यांवर भिस्त ठेवली.

हे वर्तुळ मोठे केले ते कोळशाने. वरोड्यास १८७१ च्या सुमारास सरकारी खाण सुरू झाली, आणि तिचा माल बाहेर काढण्यासाठी वर्ध्याहून वरोड्यापर्यंत रेल्वे आणण्यात आली. कित्येक वर्षे लोहमार्ग तेथेच थांबला होता, आणि चांद्याच्या माणसाला आगगाडी गाठण्यासाठी वरोड्यापर्यंत बंडीचा प्रवास घडत असे. विसाव्या शतकाच्या आरंभी तो मार्ग चांद्यावरून बल्लारपुरापर्यंत आला, आणि १९२० नंतरच्या दशकाच्या अखेरीस काझीपेठेला जोडला जाऊन दिल्ली-मद्रास हमरस्ताच बनला. देशाच्या दृष्टीने ही फार मोठी घटना. परंतु शहरातील एखाद्या गृहिणीच्या दृष्टीने तिचा अर्थ एवढाच होता की, भांदकला सकाळी जाऊन संध्याकाळी चुलीपाशी परत येता येऊ लागले.

आणि भांदक, म्हणजे आजची भद्रावती, एका दिवसाला सर्वस्वी पुरून उरणारे स्थळ आहे. गावाजवळच्या विजासन टेकडीत बौद्ध लेणी कोरलेली आहेत: खडकात सरळ आत जाणारी लांब चिंचोळी वाट, तिच्या टोकाला बसलेली बुद्धमूर्ती, आणि बाहेरच्या उन्हातून आत गेल्यावर डोळ्यांना ती दिसू लागेपर्यंत जाणारा तो काही क्षणांचा अवकाश. गावात भद्रनागाचे देवालय आहे, तेथे नागपंचमीला आसपासची खेडी लोटतात. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात पुन्हा उजेडात आलेले पार्श्वनाथाचे जैन तीर्थ आहे. गवराळ्याचा गणपती आहे. आणि तळ्यातील बेटाकडे जाणारा अवजड दगडी खांबांचा प्राचीन पूल आहे. अलेक्झांडर कनिंगहॅम यांनी १८७३-७४ च्या सुमारास या प्रांताची पाहणी केली, तेव्हा ह्युएनत्संगाने वर्णिलेल्या कोसल देशाची राजधानी हीच असावी असा तर्क त्यांनी मांडला होता. तो तर्क पुढील विद्वानांनी सर्वस्वी मान्य केला नाही, तरी बौद्ध, जैन, शैव आणि नागपूजक या साऱ्यांनी एकाच गावाच्या शिवेत नांदावे, ही गोष्टच पाहणाऱ्याला विचारात पाडण्यास समर्थ आहे. मोटारीतून उतरून अर्ध्या घटकेत ‘पाहून’ झालेले भांदक आणि सकाळच्या पॅसिंजरने उतरून संध्याकाळच्या गाडीपर्यंत पायी हिंडलेले भांदक ही दोन वेगळी गावे आहेत, असे मी निःशंकपणे म्हणेन.

दुसरा मार्ग बंगाल-नागपूर रेल्वेच्या छोट्या लाइनीचा. अडीच फूट रुंदीच्या रुळांवरून धावणारी ही गाडी चांदा फोर्ट स्थानकातून निघे आणि केळझर, मूल, राजोली, सिंदेवाही, नागभीड, ब्रह्मपुरी, वडसा अशी गावे घेत गोंदियास जाई. तिची चाल मंद, डबे लहान, आणि दोन्ही बाजूंना बांबू व सागवानाचे रान इतके निकट की फांद्या खिडकीला लागाव्यात. झाडीपट्टीतील धानाची पोती, कोसा, मोहफुले आणि लग्नाची वऱ्हाडे यांची वाहतूक तिने बहुत वर्षे केली. गेल्या शतकाच्या अखेरच्या दशकात हा मार्ग रुंद करण्यात आला. नागभीड-नागपूर हा तिचा भावंड-मार्ग मात्र २०१९ पर्यंत अरुंदच चालला. गडचिरोली जिल्हा १९८२ साली चांद्यापासून वेगळा निघाला, तेव्हा त्याच्या वाट्याला या मार्गावरील वडसा हे एकच स्थानक आले. म्हणजे वैनगंगेपलीकडच्या अफाट मुलखाला रुळांनी जवळजवळ स्पर्शच केलेला नव्हता, आणि तेथे जाण्यासाठी माणसाला एसटीवाचून गत्यंतर नव्हते.

एसटी या भागात आली ती मध्यप्रांताच्या सरकारी मोटारसेवेच्या वारशाने. १९६१ साली तो कारभार महाराष्ट्र राज्य मार्ग परिवहन महामंडळात विलीन झाला. तिने सर्वांत मोठे कार्य केले ते मार्कंड्याला जवळ आणण्याचे. चामोर्शी तालुक्यात, वैनगंगा आपला दक्षिणेचा ओघ क्षणभर विसरून उत्तरेकडे वळते अशा ठिकाणी, हा देवालयांचा समूह उभा आहे. मार्कंडऋषीच्या मुख्य मंदिराच्या भिंतींवर मूर्तींच्या रांगांवर रांगा अशा बसवल्या आहेत की, एका भिंतीपुढे उभे राहिल्यास प्रहर कसा गेला हे कळू नये. वीज कोसळून शिखराचा भाग ढासळला, मंडपाची हानी झाली, आणि गोंडांच्या काळात कोणी तरी जाडजूड कमानी देऊन त्याला टेकू दिला. ती डागडुजी सुबक नाही, पण ज्याने ती केली त्याची निष्ठा निर्विवाद आहे, आणि मला ते ओबडधोबड दगड कोरीव दगडांइतकेच पूज्य वाटतात. महाशिवरात्रीला येथे नदीच्या वाळवंटात जत्रा भरते आणि एसटीच्या जादा गाड्या सुटतात. एरवीच्या दिवशी मूल किंवा चामोर्शीला गाडी बदलावी लागते, म्हणून पहाटेच निघावे.

ताडोब्याची गोष्ट निराळी. तळ्याकाठच्या तारूदेवाची पौषातील जत्रा आदिवासी बांधवांनी पूर्वापार चालवली, आणि १९५५ साली तेथे राज्यातील पहिले राष्ट्रीय उद्यान झाले. आज त्या रानात कोणालाही स्वतःची मोटार मनास येईल तशी हिंडवता येत नाही. दारापाशी सर्व प्रवासी सारखेच. याउलट आलापल्ली, हेमलकसा, भामरागड, सिरोंचा ही स्थळे एका दिवसाच्या हिशेबात मुळीच धरू नयेत. इंद्रावती-प्राणहितेकडचा तो मुलूख मुक्कामाचा आहे. त्याला धावती भेट देणे म्हणजे त्याचा अनादर होय.

या सर्व इतिहासातून जी योजना निघते ती साधी आहे. एका दिवशी एकच स्थळ निवडावे. परतीच्या शेवटच्या गाडीची वेळ जाण्यापूर्वी स्थानकावर किंवा स्टँडवर विचारून घ्यावी, आणि तिच्या आधीची गाडी आपली मानावी. कार्तिक ते माघ हाच प्रवासाचा काळ. वैशाखात चांद्याचा पारा ४७ अंशांपर्यंत चढतो आणि श्रावणात नदी-नाले वाट अडवतात. चैत्रात महाकालीच्या यात्रेला मराठवाड्यातून भाविकांचे लोंढे येतात, त्या दिवसांत गाड्यांत पाय ठेवायला जागा नसते. तेव्हा बाहेर न जाता राणी हिराईने बांधवलेले ते देऊळ आणि तो मेळाच पाहावा.

आणि पहिली सहल कोणतीही गाडी न धरता करावी. इको-प्रो या संस्थेच्या तरुणांनी २०१७ पासून श्रमदानाने परकोटावरची झाडेझुडपे आणि केरकचरा काढून कित्येक बुरुज मोकळे केले आहेत. चांद्याच्या प्रत्येक रहिवाशाने एका हिवाळी सकाळी त्या कोटावरून चालावे, आणि तेथून कोणत्या दरवाजाने कोठे जायचे ते ठरवावे, अशी माझी त्यांस विनंती आहे.