उपक्रम पार पडला. विद्यार्थी काय शिकला?

महाविद्यालयांच्या वार्षिक अहवालात अभ्यासपूरक उपक्रमांची नोंद ठराविक पद्धतीने होते. किती शिबिरे घेतली, किती स्पर्धांत भाग घेतला, किती स्वयंसेवक उपस्थित होते आणि किती पारितोषिके मिळाली, याचे तक्ते त्यात असतात. या सर्व धडपडीतून विद्यार्थी नेमके काय शिकला, याचे उत्तर मात्र क्वचितच सापडते. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नंतर राष्ट्रीय सेवा योजना, राष्ट्रीय छात्रसेना, क्रीडा, योग आणि कला यांना पदवीच्या श्रेयांकांत स्थान मिळाले. ज्या गोष्टीचे श्रेयांक द्यायचे, तिची निष्पत्ती सांगता येणे आवश्यक ठरते. त्यामुळे निष्पत्ती-आधारित शिक्षणाची चर्चा वर्गाबाहेर पोहोचली आहे.

संकल्पना काय आहे?

अमेरिकन शिक्षणतज्ज्ञ विल्यम स्पेडी यांनी ही संकल्पना सूत्रबद्ध केली. शिक्षकाने काय शिकवले यापेक्षा शिक्षण संपल्यावर विद्यार्थ्याला काय करता येते, हा तिचा केंद्रबिंदू आहे. स्पेडी यांनी तिची चार तत्त्वे सांगितली: उद्दिष्टाची स्पष्टता, अंतिम निष्पत्तीपासून उलट दिशेने नियोजन, सर्व विद्यार्थ्यांकडून उच्च अपेक्षा आणि शिकण्याच्या वाढीव संधी. यांतील दुसरे तत्त्व उपक्रमांसाठी विशेष महत्त्वाचे आहे. आधी उपक्रम ठरवून नंतर त्याचे उद्दिष्ट लिहिण्याची रूढ पद्धत त्यामुळे उलटी होते.

भारतातील वाटचाल

अभियांत्रिकी शिक्षणात हा विचार आधी रुजला. भारत २०१४ मध्ये वॉशिंग्टन कराराचा स्थायी सदस्य झाला आणि अभ्यासक्रमांचे मानांकन पदवीधराच्या अपेक्षित गुणवैशिष्ट्यांशी जोडले गेले. संघभावनेने काम करणे, प्रभावी संवाद, व्यावसायिक नीतिमत्ता, समाज व पर्यावरणाचे भान आणि आयुष्यभर शिकत राहण्याची क्षमता ही त्यांतील काही वैशिष्ट्ये. केवळ व्याख्यान आणि लेखी परीक्षा यांतून ती येत नाहीत, हे उघड आहे. अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने चार वर्षांच्या पदवीसाठी १०० उपक्रम गुणांची तरतूद केली, ती याच जाणिवेतून.

इतर विद्याशाखांत मात्र विसंगती राहिली. ‘नॅक’ने २०१७ मध्ये सुधारलेल्या मूल्यांकन पद्धतीत अभ्यासक्रमांची निष्पत्ती विचारली जाई, विस्तार उपक्रमांच्या बाबतीत मात्र भर त्यांची संख्या आणि सहभागी विद्यार्थ्यांचे प्रमाण यांवर होता. साहजिकच महाविद्यालयांनी संख्या वाढवली.

२०२३ मध्ये चित्र बदलले. त्या वर्षी जाहीर झालेल्या राष्ट्रीय श्रेयांक आराखड्याने ३० तासांच्या अध्ययनाला एक श्रेयांक हे सूत्र मांडले आणि क्रीडा, कला व समाजसेवेलाही ते लागू होऊ शकते, असे स्पष्ट केले. महाराष्ट्र शासनाच्या २० एप्रिल २०२३ च्या निर्णयातील पदवीच्या आराखड्यातही अभ्यासपूरक घटकांचा स्वतंत्र गट आहे.

बंधाऱ्याचे उदाहरण

राष्ट्रीय सेवा योजना २४ सप्टेंबर १९६९ रोजी ३७ विद्यापीठांत सुरू झाली. स्वयंसेवकाने दोन वर्षांत २४० तासांचे नियमित काम आणि सात दिवसांचे विशेष शिबिर पूर्ण करावे, अशी अपेक्षा असते. गावातील शिबिरात वनराई बंधारा बांधणे हा महाराष्ट्रातील परिचित कार्यक्रम आहे. रिकाम्या पोत्यांत माती-वाळू भरून ओढ्याचे पाणी अडवले जाते. अहवालात नोंद होते ती एवढीच, की स्वयंसेवकांनी श्रमदानातून बंधारा बांधला.

निष्पत्तीच्या दृष्टीने विचार केल्यास विधान असे लिहावे लागेल : ‘शिबिरानंतर विद्यार्थी ग्रामस्थांशी चर्चा करून बंधाऱ्याची जागा निवडू शकेल, पोत्यांचा आणि मनुष्यबळाचा अंदाज बांधू शकेल, गटात कामाची वाटणी करू शकेल आणि पाणी का टिकले किंवा का झिरपून गेले, याची कारणे सांगू शकेल.’ या विधानातील प्रत्येक गोष्ट पाहता आणि तपासता येते. ‘विद्यार्थ्यांमध्ये सामाजिक जाणीव निर्माण होईल’ या नेहमीच्या वाक्याबाबत तसे म्हणता येत नाही.

विधान बदलले की नियोजनही बदलते. असा बंधारा पावसाळा संपल्यावर, ओढा वाहता असतानाच बांधावा लागतो. परीक्षेच्या वेळापत्रकाच्या सोयीने जानेवारीत शिबिर घेतले आणि तोवर प्रवाह आटलेला असेल, तर बंधारा छायाचित्रात दिसतो, पाणी मात्र अडत नाही. गावाच्या हाती काही लागत नाही आणि विद्यार्थ्याला आपल्या कामाचा परिणाम पाहायला मिळत नाही. काही आठवड्यांनी पुन्हा गावात जाऊन पाणी मोजणे हा या पद्धतीत शिबिराचाच भाग ठरतो.

मूल्यमापन कसे करावे?

उपक्रमांसाठी लेखी परीक्षा घेणे हा सोपा, पण चुकीचा मार्ग आहे. स्वयंसेवकाची दैनंदिनी, गटप्रमुखाचे निरीक्षण, सहकाऱ्यांचे मत, ग्रामस्थांचा अभिप्राय आणि शिबिराच्या शेवटची चिंतन बैठक ही अधिक विश्वासार्ह साधने आहेत. काय घडले, त्यातून काय समजले आणि पुढच्या वेळी काय वेगळे करणार, हे तीन प्रश्न त्या बैठकीला पुरेसे असतात. प्रत्येक निष्पत्तीसाठी तीन-चार पातळ्यांचे वर्णन आधीच लिहून विद्यार्थ्यांना दिल्यास गुण कशाचे मिळणार, याबाबत संदिग्धता राहत नाही.

सांस्कृतिक उपक्रमांना हीच पद्धत लागू पडते. पुण्यातील पुरुषोत्तम करंडक स्पर्धेत २०२२ मध्ये अपेक्षित दर्जाची एकांकिका नसल्याच्या कारणावरून करंडक कोणत्याही महाविद्यालयाला न देण्याचा निर्णय झाला. त्यावर बरीच चर्चा झाली. स्पर्धेला प्रयोगाचा दर्जा जोखण्याचा अधिकार आहेच. विद्यापीठाला मात्र त्याच प्रयोगात प्रकाशयोजना सांभाळणाऱ्या, नेपथ्याची जुळवाजुळव करणाऱ्या किंवा तालमीचे वेळापत्रक आखणाऱ्या विद्यार्थ्याचे शिक्षण नोंदवायचे असते. पारितोषिक हुकले तरी ही निष्पत्ती शिल्लक राहते. नोकरीच्या मुलाखतीत या विद्यार्थ्याला दाखवता येईल अशी ती एकमेव नोंद असू शकते.

मर्यादा आणि धोके

१९५६ मध्ये बेंजामिन ब्लूम आणि सहकाऱ्यांनी बौद्धिक क्षेत्रातील शैक्षणिक उद्दिष्टांचे वर्गीकरण प्रसिद्ध केले. भावनिक क्षेत्राचे वर्गीकरण १९६४ मध्ये आले. त्यात अनुभवाकडे लक्ष देणे ही पहिली पायरी असून मूल्य स्वभावाचा भाग होणे ही शेवटची. सात दिवसांच्या शिबिरात शेवटच्या पायरीचा दावा करणे अवास्तव आहे. सेवाभावाला गुण देण्याच्या प्रयत्नात विद्यार्थी सेवाभाव दाखवण्याची कला तेवढी शिकेल, हा धोका आहे.

दुसरा धोका कागदपत्रांचा. दक्षिण आफ्रिकेने १९९० च्या दशकाच्या अखेरीस शालेय शिक्षणात ही पद्धत मोठ्या प्रमाणावर आणली. शिक्षकांची अपुरी तयारी आणि नोंदींचा बोजा यांमुळे ती अडचणीत आली आणि २०१० मध्ये सरकारने तिच्यापासून फारकत घेतली. राष्ट्रीय सेवा योजनेच्या एका एककात साधारणपणे १०० स्वयंसेवक असतात आणि कार्यक्रम अधिकारी हा आपला नेहमीचा अध्यापनाचा भार सांभाळणारा प्राध्यापक असतो. प्रत्येक स्वयंसेवकाचे दहा निष्पत्तींवर गुणांकन करायला सांगितल्यास तक्ते कार्यालयात बसून भरले जातील.

म्हणूनच एका उपक्रमाला तीन-चारच निष्पत्ती असाव्यात, त्या विद्यार्थ्यांसमोर आधी मांडाव्यात आणि गटप्रमुखांना नोंदी ठेवण्यात सहभागी करून घ्यावे. स्वेच्छेने केलेल्या कामाचा काही भाग गुणांच्या कक्षेबाहेर ठेवणेही हिताचे आहे. विद्यार्थ्याने दिलेल्या तासांचा हिशेब ठेवायचाच असेल, तर त्या तासांत त्याच्या हाताला आणि विचाराला काय लाभले, याची नोंद उपस्थितीच्या सहीशेजारी असायला हवी.