ड जीवनसत्त्व व तरुण स्त्रियांची हाडे (ठाणे, कल्याण-डोंबिवली)

सुमारे 19° उत्तर अक्षांशावरील या पट्ट्यात ऊन मुबलक. तरीही भारतीय शहरांत ड जीवनसत्त्वाची कमतरता सर्रास आढळते. त्वचेत ते 290–315 नॅनोमीटरच्या अतिनील किरणांमुळे बनते. हे किरण भर दुपारी सर्वाधिक. सकाळची लोकल गाठून कचेरीत बसणाऱ्या तरुणीला ते कुठून मिळणार? शिवाय सावळ्या त्वचेतील मेलॅनिन हे किरण अडवते. या कमतरतेमुळेच ब्रिटनमधील दक्षिण आशियाई कुटुंबांत 1960 च्या दशकात मुडदूस व अस्थिमृदुता आढळली. वंशांतील फरकाचे गणित मात्र सरळ नाही: अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या रक्तात ड जीवनसत्त्व सरासरीने कमी, पण हाडांची घनता गोऱ्यांपेक्षा जास्त असते. तरुण वय महत्त्वाचे, कारण हाडांची घनता तिशीपर्यंतच कमाल पातळी गाठते. त्यासाठी कॅल्शियम लागते: नाचणीत 100 ग्रॅममागे सुमारे 350 मिलिग्रॅम कॅल्शियम असते. पण ड जीवनसत्त्वाअभावी ते आतड्यात नीट शोषले जात नाही.